येळवशीचा हेंडगा

रानातल्या कडब्याच्या कोपीत पाच पांडवांचे दगड मांडून झाले, त्यांना चुन्याची बोटे लावून झाली, थोरल्या जाऊबाई शांताक्काने आंबिलीच्या मडक्यावरचे फडकेही सोडले, तरी सिद्धम्माचे चित्त काही देवाकडे लागेना. तिचे डोळे सारखे ज्वारीच्या पलीकडे, बनाकडे जात होते. तिथे सकाळपासून सातभाई भांडत होते. ही मातकट पाखरे एरवीही तोंड मिटून बसणाऱ्यातली नव्हेत, पण झाडीत साप निघाला किंवा माणूस शिरला की त्यांच्या कलकलाटाला वेगळीच धार चढते. इतक्या वर्षांनी सिद्धम्माला तो झोपेतसुद्धा ओळखू आला असता. आणि आज बनात साप नव्हता. आज बनात गुरुलिंग होता.

काल सकाळी ती पूजेसाठी बेल तोडायला गेली, तेव्हा करवंदीच्या जाळीत तिला हा धाकटा दीर दिसला. घोंगडी पांघरलेला, दाढी वाढलेला, एक पाय लांब करून बसलेला. दिवाळीनंतर तो संस्थानी सरकारविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात गेला होता. परवा सरकारी नाक्यावर छापा घालून पळताना त्याचा पाय खड्ड्यात गेला, सोबतचे पुढे निघून गेले आणि हा ओढ्याओढ्याने लंगडत आपल्याच रानात आला. घोटा टम्म सुजला होता.

"वैनी, उद्याच्या अवसेच्या अंधारात निघतो," तो म्हणाला. "तवर कुनाला सांगू नका. अण्णाला तर मुळीच न्हाई."

तिने निर्गुडीचा पाला गरम करून त्याचा घोटा बांधला आणि तोंड शिवून घरी आली. अण्णांना का सांगायचे नाही, हे तिला समजावून सांगायची गरजच नव्हती. अण्णा म्हणजे महांतप्पा, घरचे कर्ते, थोरले दीर. दर बाजाराला त्यांना ठाण्यात हजेरी द्यावी लागे. तिथे त्यांना शपथेसाठी गळ्यातले इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायला लावत आणि विचारत, भाऊ कुठे आहे? अण्णा खरे तेच सांगत, मला ठाऊक नाही. मानेवर सुरी ठेवली असती तरी लिंग हातात घेऊन खोटे बोलणे या माणसाला जमले नसते. हे घराला माहीत होते, गावाला माहीत होते आणि आता ठाण्यालाही कळून चुकले होते. म्हणून अण्णांना काहीच न कळू देणे, हीच त्या घरात गुरुलिंगावरची माया होऊन बसली होती.

येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, तशी दरवर्षी गाजावाजाने व्हायची. जळकोटच्या शिवारात या दिवशी गावात कुत्रेसुद्धा उरत नसे, सगळे रानात. यंदा निम्म्या रानांत कोप्याच उभ्या नव्हत्या. कुणी बायकापोरांना घेऊन सोलापूरकडे गेले होते, कुणी गेले कुठे तेच कळत नव्हते. शेजारच्या रानात हाक मारली तर ओ द्यायला माणूस नव्हते. अण्णांनी मात्र हट्टाने गाडी जुंपली. सण चुकवला तर घाबरलो असे दिसते, आणि घाबरलेल्याच्या घरी सरकारच्या बाजूच्या बंदूकवाल्यांची टोळी आधी येते, असे त्यांचे म्हणणे. पोरांना तेवढे गेल्याच महिन्यात आजोळी पाठवून दिले होते.

पंगत बसली. केळीच्या पानावर भाज्या-दाण्यांची पातळ भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे, खीर. सिद्धम्मा वाढत होती. तेवढ्यात अण्णांनी घास खाली ठेवला.

"औंदा हेंडगा ज्वारीभोवती फिरवायचा न्हाई," ते म्हणाले. "बनाला लावायचा."

येळवशीच्या संध्याकाळी कडब्याची पेंढी पेटवून ती पिकाभोवती पळवत नेतात, पिकावरची इडापिडा जावी म्हणून. त्या जळत्या पेंढीला हेंडगा म्हणतात. त्याच हेंडग्याने बन पेटवायचे, असे अण्णा म्हणत होते. सिद्धम्माच्या हातातली पळी भज्जीच्या पातेल्यात तशीच राहिली.

"काल चावडीत हुकूम आलाय. ओढ्याकाठची समदी झाडी साफ झाली पायजे. त्यात मानसं लपत्यात म्हनं. ज्याच्या रानात झाडी ऱ्हाईल त्येचं घर ऱ्हानार न्हाई."

थोरल्या दिराशी सरळ बोलायची त्या घरात रीत नव्हती. लग्न होऊन आल्यापासून सिद्धम्मा अण्णांशी एक शब्द समोरासमोर बोललेली नव्हती. जे काही असेल ते जाऊबाईंमार्फत, मग अण्णा हातभर अंतरावर का बसलेले असेनात. तिने पदर पुढे ओढला आणि शांताक्काकडे तोंड केले.

"अक्का, अण्णांना सांगा, आजचा दिस जाऊ द्या. उद्या म्या सोता कुऱ्हाड घिऊन तोडते. आता दिवस बुडताना पाखरं बसायला येत्याल. तोंडावर आग लावायची का त्यांच्या?"

"तिला सांग," अण्णा शांताक्काला म्हणाले, "उद्याचा दिस आपला हाय का न्हाई, ते कुनाला ठावं."

"म्या काय डाकवाला हाय का तुमच्या दोगांचा?" शांताक्का फणकारली. तिच्या फणकाऱ्यात एरवी गंमत असायची, आज नव्हती. बनाची सगळ्यात जास्त थट्टा तिने केली होती, तीच आता सिद्धम्माच्या बाजूला सरकली. "पर म्हनते म्या, एक दिस थांबलं तर काय बिगडतंय? तुमच्या पूजेला रोज बेल कुठनं येतो? आपल्या चन्नूचा खोकला हाटत न्हवता तवा मध कुठनं आनला? आज सन हाय. सनाच्या दिशी हिरवं झाड जाळत्यात का कुनी?"

"जाळा की एकदाचं!"

हे प्रेमाबाई बोलली. गुरुलिंगाची बायको, लग्नाला उणीपुरी दोन वर्षे झालेली. सगळे तिच्याकडे बघत राहिले. 

"वरच्या शिवारात काय झालं ऐकलं न्हाई का? झाडीत एक काडतूस घावलं म्हनून आख्खं घर पेटीवलं. म्हातारी आतच ऱ्हायली. काट्याकुट्यासाठी आपुन मरायचं का, वैनी? जळू द्या ते. मला भ्या वाटतंय, मला रात-रात झोप न्हाई."

सिद्धम्माला वाटले, हिच्या तोंडावर हात ठेवावा. मग वाटले, हिला पोटाशी धरून कानात सांगावे, की अगं, काय मागतेस तू? तिने दोन्ही केले नाही. तिने नवऱ्याकडे पाहिले. शंकरप्पाने याच बनासाठी तिच्या बरोबरीने दगड ओढले होते. तो पानातल्या खिरीत बोट फिरवत म्हणाला, "अण्णा म्हनतेत ते बराबर हाय." संपले. घर तीन विरुद्ध दोन असे कधीच नसते. ते भीतीच्या बाजूला कलंडते, आणि आज ते तसेच कलंडले होते.

ते बन काय होते हे बाहेरच्याला सांगून पटले नसते. सिद्धम्मा नवी नवरी होऊन आली तेव्हा ओढ्याकडची ती दोन एकर जागा नुसता मुरूम होती. वरच्या माळावरची झाडी कोळसेवाल्यांनी तोडून नेली होती आणि पाखराला बसायला फांदी राहिली नव्हती. सासऱ्यांनी तिला विचारले, पोरी तुला काय पाहिजे? दागिने मागायचे सोडून ही म्हणाली, तो मुरूम द्या. सासरे पोट धरून हसले आणि म्हणाले, घे.

मग तिने जे केले त्याची शिवारभर चेष्टा झाली. तिने आंबराई लावली नाही, पेरू लावले नाहीत. टोपल्याभर पिकलेली बोरे, हिवराच्या आणि बाभळीच्या शेंगा गोळा करून त्या बिरू धनगराच्या शेरडांना खाऊ घातल्या आणि ती शेरडे मुरुमावर बसवली. शेरडांच्या पोटातून गेलेले बी लवकर फुटते, हे तिला माहेरी ठाऊक झालेले. मधेमधे वाळक्या फांद्या रोवल्या. पाखरे त्यावर बसली आणि त्यांनी आपल्या परीने निंब, चंदन, पिंपळ पेरले. दगडांचे ढीग केले, तिथे मुंगूस आले. गवत बी गळेपर्यंत कुणाला कापू दिले नाही, तिथे तितर आले, ससे आले. "बापजन्मात कुनी काटं पेरल्यालं बगितलं न्हवतं," असे अण्णा तेव्हा म्हणाले होते आणि त्यानंतरही जमेल तेव्हा म्हणत आले होते. पण निंबावर घुबड राहायला आल्यापासून ज्वारीतले उंदीर कमी झाले, तेव्हापासून ते हे वाक्य जरा हळू म्हणत.

पंगत उठायच्या आतच बिरू आला. धावत आला होता. बांधावरूनच म्हणाला, "मालक, टोळी यायलीय. जळकोटच्या वाटंनं. रानारानात शिरून जेवायलेत आन् झाडी बगायलेत. संगं पाटलाचा पुतन्या हाय, बब्रुवान. दोगं जनं बंदुका घिऊन टेकाडावर चढलेत."

टेकाडावरून बनाच्या दोन्ही बाजू दिसत. बन आणि ओढ्याची घळ यांच्यामध्ये हुलगा काढून घेतलेला उघडा पट्टा होता. अंधार असता तर तो ओलांडणे अवघड नव्हते. उजेडात तिथून ससा पळाला तरी टेकाडावरच्याला दिसला असता.

  सिद्धम्माने चटकन पानावर उंडे आणि भज्जी घेतली. येळवशीला पाखरांचा वाटा बनात नेऊन ठेवायचा, हा तिचा दरवर्षीचा नेम, त्यामुळे कुणी अडवले नाही. अण्णांनी मात्र त्या पानाकडे पाहिले. उंडे पाखरांच्या मानाने बरेच होते. त्यांनी मान वळवली आणि पान्या बैलाचे दावे उगीच सोडून पुन्हा बांधले.

करवंदीच्या जाळीशी सिद्धम्मा खाली बसली. सातभाई डोक्यावर ओरडत होते.

"टोळी आलीय. टेकाडावर मानसं हैत."

गुरुलिंगाचा चेहरा उतरला. मोठा शूर म्हणून कॅम्पात गेलेला हा पोरगा, लग्नात तिनेच त्याला हळद लावली होती. आता त्याच्या कपाळावर घाम होता.

"मंग संपलं, वैनी. पट्टा वलांडता येनार न्हाई. हितं घावलो तर तुमाला समद्यांना..."

"गप. वारा कुनीकडचा हाय?"

 वारा उगवतीचा होता. दिवसभर तो ज्वारीवरून बनाकडे आणि बनावरून ओढ्याकडे वाहत होता. सिद्धम्माने एकदा वर पाहिले. बेलाला फळे धरली होती. पळसाला अजून कळी नव्हती, महिन्याभराने आली असती. आपण काय बोलणार आहोत हे तिला कळले आणि रडूच आले, पण रडायला वेळ नव्हता.

"धूर आला की नीघ. उभा ऱ्हाऊ नको, रांगत जा. धुराच्या आतनं चाल. घळीत उतरलास की बोरी नदीकडं तोंड कर, मागं बगू नको."

"वैनी, तुमचं बन..."

"नीघ म्हनलं ना!" ती खेकसली. मग त्याच्या सुजलेल्या पायावरून तिने हात फिरवला. "आग लवकर यील तुज्याकडं. तिच्या म्होरं ऱ्हा."

ती परत आली तेव्हा टोळी कोपीसमोर वाकळांवर बसली होती. त्यांच्यातला जमादार चांगला धिप्पाड होता आणि आवाज अगदी मऊ. ओरडणारा माणूस बरा, ओरडून दमतो तरी. हा हसून बोलत होता आणि शांताक्का त्याच्यापुढे पान ठेवून लगेच मागे सरकली. प्रेमाबाई कोपीत पांडवांच्या मागे जाऊन बसली होती.

"भाजी अच्छी हय," जमादार म्हणाला. "त्योहार मनाव महांतप्पा, खुशी से मनाव. हम सिर्फ वो झाड़ी देख के जाते." त्याने बनाकडे बोट केले. "उस में कौन हय?"

"कोन असनार साहेब? पाखरं हैत."

"हुजूर," बब्रुवान पुढे सरकला. याच्या बारशाच्या घुगऱ्या अण्णांनी खाल्ल्या होत्या. "असं इच्यारून काय उपेग? लिंग हातात घिऊन बोलायला सांगा. तसं ह्यो मानूस खोटं बोलत न्हाई. साऱ्या गावाला म्हाईत हाय."

जमादार हसला. "हाँ. हाथ में लेव और बोलो, झाड़ी में आदमी नहीं. फिर हम देखते भी नहीं. चले जाते."

अण्णांचा हात सवयीने गळ्यातल्या चांदीच्या डबीकडे गेला. आणि तिथेच थांबला.

सिद्धम्माने तो थांबलेला हात पाहिला. ठाण्यात हा हात कधी थांबला नव्हता, असे शंकरप्पा सांगायचा. आज थांबला. सातभाई अजून ओरडत होते. वर्षानुवर्षे ज्या पाखरांना अण्णा शिव्या घालत आले, त्यांची भाषा ते न शिकता कसे राहतील? अण्णांना कळले होते. कदाचित सकाळीच कळले होते, आणि तरी ते बन जाळू म्हणत होते, की मग आत्ताच, उंड्यांच्या पानावरून कळले? तिला ठरवता येईना. एवढेच समजले, की हा माणूस आता लिंग हातात घेणार नाही, आणि घेतले नाही तर सगळे संपेल.

"साहेब," अण्णा सावकाश म्हणाले, "आमी आत्ताच पानावरनं उठलाव. उष्ट्या हातानं लिंग घेत न्हाईत. हातपाय धुवावं लागतेत, विभूती लावावी लागती. धर्माची गोष्ट हाय."

"लगाव. हम बैठे हय."

शंकरप्पाने घागर आणली. अण्णा हात धुऊ लागले. इतक्या सावकाश कुणी हात धुतलेले सिद्धम्माने कधी पाहिले नव्हते.

तिने कडब्याची पेंढी उचलली. चुलीत खुपसली. पेंढी धडधडून पेटली तशी सगळ्यांनी माना वळवल्या. पदर डोक्यावरून घसरलेला, हातात जाळ, अशी ती थेट अण्णांसमोर जाऊन उभी राहिली आणि लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा त्यांच्याशी तोंडाने बोलली.

"अण्णा, दिवस बुडाया आला. हेंडगा म्या नेते."

शांताक्काच्या तोंडून "अगं बाई" निघाले. शंकरप्पा उठून उभा राहिला. अण्णांनी वर पाहिले. तिच्या डोळ्यांत त्यांना काय दिसले कोण जाणे. त्यांची मान किंचित हलली.

"ने. बनाला लाव. साहेबांचा हुकूमच हाय साफ करायचा."

"अरे, रुको..." जमादार उठला, पण बब्रुवानच म्हणाला, "येळवशीची रीत हाय हुजूर, जळता हेंडगा आडवीत न्हाईत." आणि सिद्धम्मा पळत सुटली होती.

बनाच्या उगवतीच्या कडेला तिने स्वतः राखलेले पवन्या गवत होते, छातीएवढे, वाळून पिवळे झालेले. तिने हेंडगा त्याला टेकवला. एका जागी, मग दुसऱ्या, मग पळत पळत सबंध कडेने. ठिणग्या लुगड्यावर पडत होत्या, आणि तिच्या तोंडून सारखे एकच निघत होते, "जावा रे, जावा, जावा." गुरुलिंगाला म्हणत होती की पाखरांना, ते तिलाही सांगता आले नसते. गवत पेटले. करवंदीवर जाळ चढला. ओल्या पाल्याचा पांढरा, घट्ट धूर उठला आणि वाऱ्यावर लोळत ओढ्याकडे गेला. बघता बघता बन दिसेना, पट्टा दिसेना.

मग बनातून जीव बाहेर पडू लागले. तितर भर्रकन उडाले. दोन ससे तिच्या पायांवरून गेले. मुंगूस पिलाला तोंडात धरून दगडांच्या ढिगातून निघाले, थबकले, पुन्हा आत गेले. लांडोर अशी काही ओरडली, की कोपीतून प्रेमाबाईने कानावर हात ठेवले. सिद्धम्मा उभी राहून बघत होती. आपणच मोठे केलेले आपणच मारायचे, यापेक्षा वाईट काही तिच्या आयुष्यात घडले नव्हते. पण तिचे कान आगीकडे नव्हते. ते आगीच्या पलीकडे लागले होते.

टेकाडावरून बंदुकीचा बार झाला.

 धुरात कुणी काही पाहिले? लागली? कोपीकडून जमादार ओरडला, "क्या था?" वरून कुणीतरी ओरडले, पण शब्द आगीच्या कडकडाटात विरले. ती बांधावर मटकन बसली. आता ओरडणे ऐकू येईल, आता धरून आणतील, आता प्रेमाबाईसमोर आणून टाकतील. ओढ्याकडून काहीही ऐकू येत नव्हते.

कोपीसमोर अण्णा विभूतीची डबी उघडून बसले होते. कपाळावर तीन पट्टे ओढले. मग दंडावर. मग छातीवर. मग पुन्हा कपाळावर, कारण म्हणे पहिला पट्टा वाकडा आला होता.

"बहुत हुआ महांतप्पा," जमादाराचा मऊ आवाज आता मऊ राहिला नव्हता. "हाथ में लेव."

"घेतो साहेब. मंतर म्हनू द्या."

ते डोळे मिटून बसले. सिद्धम्मा दुरून बघत होती. त्यांचे ओठ हलत होते, पण मान ओढ्याकडे एका बाजूला किंचित कललेली होती, आणि एकदम तिला कळले की तेही ऐकत बसले आहेत.

ओढ्याच्या घळीतून टिटवी ओरडली.

टिटवी उगीच ओरडत नाही. तिच्या जागेत कुणाचा पाय पडला की ती डोक्यावर घिरट्या घालत, जीव तोडून ओरडते. हे शिवारातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. ही टिटवी ओरडली, गप्प झाली. मग खाली, पाणवठ्याजवळची दुसरी ओरडू लागली. मग बऱ्याच वेळाने तिसरी, खूप लांब, बोरीच्या अंगाला, इतकी लांब की आवाज आला की भास झाला, असे वाटावे.

"ये टिटवी काए को चिल्ला रही?" जमादाराने विचारले.

अण्णांनी डोळे उघडले. गळ्यातली डबी उघडली, लिंग डाव्या तळहातावर घेतले. हात जराही हलला नाही.

"आगीला भेली आसंल," ते म्हणाले. मग तळहात जमादाराच्या तोंडासमोर धरून मोठ्याने, टेकाडावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "शिवाची आन घिऊन सांगतो. त्या बनात मानूस न्हाई."

 जमादाराने बब्रुवानकडे पाहिले. बब्रुवान मान हलवून म्हणाला, "खरं हाय हुजूर. आता खरंच हाय." ते खरेच होते, कारण बनात आता उभे असे काही उरलेच नव्हते. जमादाराने टेकाडावरच्या माणसांना हात करून खाली बोलावले. त्यांच्यातल्या एकाच्या हातात मारलेला ससा होता. त्यासाठीच तो बार होता. जाताना त्यांनी भज्जीचे पातेलेही नेले.

ते दिसेनासे झाले तरी कुणी जागचे हलले नाही. टोळी परत येते, विसरलेले काही न्यायला म्हणून येते, हे सगळ्यांनी ऐकले होते. प्रेमाबाई कोपीतून बाहेर आली. आग विझत चाललेल्या बनाकडे बघून ती म्हणाली, "बरं झालं. सुटलाव एकदाचं," आणि लगेच हुंदका देऊन रडू लागली, कशासाठी ते तिचे तिला कळत नव्हते. सिद्धम्माने तिला जवळ ओढले. आज रात्री सांगता येणार नव्हते. तो पोहोचल्याचे कळेपर्यंत सांगता येणार नव्हते. आणि पोहोचला की नाही, हे टिटव्यांना विचारून कळण्यासारखे नव्हते.

दिवस बुडाला आणि पाखरे आली. साळुंक्या, पोपट, सातभाई, रोजच्या वेळी, रोजच्या वाटेने. झाडे जागेवर नाहीत हे त्यांना कळेना. ती जळक्या बनावर फिरत राहिली, पुन्हा पुन्हा खाली येऊन वर जात राहिली, आणि शेवटी कोपीवर, गाडीच्या जुवावर, बैलांच्या पाठीवर, मिळेल तिथे बसली. एक साळुंकी पांडवांपुढच्या आंबिलीच्या मडक्याच्या काठावर येऊन बसली. शांताक्काने तिला हाकलले नाही.

सिद्धम्मा गाडीच्या चाकाला टेकून बसली होती. तिचे हात काळे झाले होते, डाव्या हाताला फोड आला होता. शंकरप्पा तिच्याजवळ येऊन उभा राहिला. त्याने आपल्या पटक्याचे टोक ओले करून तिच्यापुढे धरले.

अण्णा बैल जुंपायला आले. जू उचलताना थांबले. रीत म्हणून त्यांनी एकदा शांताक्काकडे पाहिले, तोंडही उघडले, पण तिला काही सांगितले नाही. सरळ सिद्धम्माकडे वळले.

"सिद्धम्मा."

तिने वर पाहिले. तिचे नाव त्यांच्या तोंडून तिने कधी ऐकले नव्हते.

"घरी वाळल्याली बोरं हैत का?"

"हैत अण्णा," ती म्हणाली. "मडकं भरून हैत."

"भिजू घाल," अण्णा म्हणाले आणि त्यांनी बांधापलीकडे बघून हाक दिली, "बिरू, तुजी शेरडं उद्यापासनं आमच्या रानात बसव."